पिन बसली म्हणून केबल बरोबर ठरत नाही

लग्नसराई आणि सप्ते सुरू झाले की खान्देशात एक तक्रार हमखास ऐकू येते. कीर्तन यूट्यूबवर थेट चाललेलं असतं, चित्र झकास असतं आणि महाराजांच्या आवाजाखाली एक अखंड ‘घुं’ चालू असते. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, “भाऊ, घुं वाजी ऱ्हायनी!” म्हणजे घुं वाजतेय. साउंडवाला म्हणतो कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम आहे, शूटिंगवाला म्हणतो मिक्सरचा आहे आणि दोघं मिळून लाइटवाल्याकडे बोट दाखवतात. जमिनीवर पसरलेल्या वायरींकडे मात्र शेवटपर्यंत कुणी बघत नाही.

अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर प्रेक्षक मिळायला लागल्यापासून जळगाव-धुळ्यातच काय, तालुक्याच्या गावीसुद्धा एका खोलीचे स्टुडिओ उभे राहिलेत. माइक, कॅमेरा, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) यांवर महिनाभर चर्चा होते. केबल मात्र दुकानदार शेवटी पिशवीत टाकेल ती. निवडीची कसोटी एकच: पिन बसते ना? मग झालं.

मुळात पिनेचा आकार म्हणजे फक्त दरवाजा. एकाच आकाराच्या पिनेमागे चार वेगळ्या जातींच्या केबल असू शकतात आणि त्यांतली एकच तुमच्या कामाची असते. निवडताना तीन गोष्टी विचारायच्या: या तारेतून नेमकं काय जाणार आहे, किती लांब जाणार आहे, आणि शेजारून दुसरं काय जातंय?

## तारेतून जातं तरी काय?

आवाज असो वा चित्र, केबलमधून जाते ती वीजच. माहिती घेऊन जाणाऱ्या या विजेला सिग्नल म्हणतात. सगळे सिग्नल सारख्या ताकदीचे नसतात आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

साधा हातात धरायचा माइक बोलताना एक-दोन मिलीव्होल्ट देतो, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा-पाचशेवा भाग. मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप यांच्यातून बाहेर पडणारा सिग्नल यापेक्षा बराच मोठा असतो आणि त्याला लाइन लेव्हल म्हणतात. घरगुती उपकरणांत ती साधारण ०.३ व्होल्ट धरतात, व्यावसायिक उपकरणांत १.२३ व्होल्ट. अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जाणारी वीज मात्र वेगळ्याच मापाची. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायचे तर २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. माइकच्या दोन मिलीव्होल्टच्या ही १४ हजार पट झाली.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. मोटरीच्या तोंडाशी तो ठिबकची १६ मिलिमीटरची नळी लावत नाही आणि झाडाच्या बुडाशी मेन पाइप नेत नाही. पाणी तेच, पण दाब, प्रमाण आणि काम वेगळं. स्पीकरची केबल म्हणजे मेन पाइप, तिथे जाडी महत्त्वाची. माइकची केबल म्हणजे लॅटरल, ठिबकची ती बारीक नळी. तिच्यातून जाणारं इतकं कमी असतं की ते वाटेत गढूळ होऊ नये, एवढीच चिंता.

गढूळ होऊ नये म्हणून माइकच्या केबलमध्ये आतल्या तारांभोवती तांब्याची जाळी किंवा वेटोळी गुंडाळलेली असते. तिला शिल्ड म्हणतात. बाहेरचा विजेचा गोंगाट ती अडवते आणि जमिनीच्या बाजूला वळवते. स्पीकरच्या वायरीला शिल्ड लागत नाही, कारण २८ व्होल्टपुढे तो बारीक गोंगाट कुणाच्या कानी पडत नाही.

## माइकला तीन पिना कशाला?

चांगल्या माइकच्या मागे गोल, तीन पिनांचं कनेक्टर असतं. त्याचं नाव एक्सएलआर, आपल्याकडे सगळे त्याला कॅनन म्हणतात. आवाज न्यायला दोन तारा पुरतात, मग तिसरी कशाला?

पहिली पिन शिल्डची. दुसरीवरून सिग्नल सरळ जातो, तिसरीवरून तोच सिग्नल उलटा. समजा दुसऱ्या तारेवर अधिक ५ आहे, तर तिसरीवर उणे ५. वाटेत लाइटच्या वायरीतून २ इतका गोंगाट घुसला. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून चाललेल्या असल्यामुळे तो दोघींवर सारखाच बसतो. एकीवर ७ होतात, दुसरीवर उणे ३. मिक्सर या दोहोंतला फरक घेतो: ७ मधून उणे ३ वजा केले की १० उरतात. आवाज दुप्पट मिळाला आणि गोंगाट गायब. या रचनेला बॅलन्स्ड म्हणतात. म्हणूनच स्टेजपासून मंडपाच्या टोकाला असलेल्या मिक्सरपर्यंत ५० मीटर माइकची केबल बिनधास्त नेता येते.

आता बाजारात सर्रास खपणारी माइकची केबल पाहा. एका टोकाला कॅनन, दुसऱ्या टोकाला पी-३८ची, म्हणजे पाव इंच जाडीची, साधी मोनो पिन. या पिनेत उलट्या सिग्नलला जागाच नसते. तो शिल्डला जोडून टाकलेला असतो, त्यामुळे वजाबाकीचा सगळा खेळ संपतो. पाच-सहा मीटरपर्यंत हे खपून जातं. शंभर फुटांवर, शेजारी मर्क्युरीच्या वायरी आणि जवळच्या विहिरीवर मोटरचा स्टार्टर असेल तर नाही खपत. शिवाय अशा केबलवरून कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, ज्यांना फँटम पॉवर म्हणतात, ते पोचत नाहीत. माइक मुका राहतो आणि तो परत करायला माणूस बस पकडून जळगावला जातो. माझं मत स्पष्ट आहे: माइकसाठी दोन्ही टोकांना कॅनन असलेली केबलच घ्यावी. मिक्सरला कॅनन इनपुट नसेल तर केबलआधी मिक्सर बदलण्याचा विचार करावा.

## बेंजो, गिटार आणि लॅपटॉप

लग्नाच्या बँडमधला पिकअप लावलेला बेंजो किंवा गिटार यांचा सिग्नल कमकुवत असतो आणि त्याला लांबचा प्रवास सोसत नाही. शिल्डची केबल स्वतःत थोडा चार्ज साठवते. लांबी वाढली की अशा वाद्याचे वरचे, चमकदार सूर त्यात विरतात आणि आवाज बोथट होतो. पाच-सहा मीटर ही मर्यादा. यापुढे न्यायचं तर वाद्याजवळ डीआय बॉक्स ठेवायचा. ही छोटी डबी वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करते आणि पुढे साधी माइकची केबल चालते.

लॅपटॉपचा किस्सा याहून मजेदार. कार्यक्रमात गाण्याचा ट्रॅक वाजवायचा असतो. कुणीतरी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात ३.५ मिलिमीटरची पिन घालतं आणि दुसरं टोक कॅनन किंवा तीन भागांची मोठी पिन लावून मिक्सरच्या एका चॅनलला जोडतं. तबला-ढोलकी ऐकू येते, बाजूची वाद्यं ऐकू येतात, मात्र गायक आणि ढोलाचा ठोका नाहीसा! फाइल खराब आहे म्हणून दुसरी डाउनलोड केली जाते. तिच्यातही तेच.

कारण वर सांगितलेली वजाबाकी. हेडफोनच्या पिनेत डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात. मिक्सरला वाटतं हा बॅलन्स्ड सिग्नल आहे, म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. गायकाचा आवाज दोन्हींत सारखा असतो, त्यामुळे गोंगाटाबरोबर तोही वजा होतो. यावर उपाय स्वस्त आहे: ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनेतून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वाय केबल घ्यायची आणि त्या दोन चॅनलना लावायच्या. आणखी चांगलं हवं तर दोन चॅनलचा डीआय बॉक्स.

मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांनी कॉलर माइकची पिन मोजून पाहावी. पिनेवर दोन काळ्या रेघा म्हणजे तीन भाग, ती कॅमेऱ्यासाठी. तीन रेघा म्हणजे चार भाग, ती मोबाइलसाठी. कॅमेऱ्याचा माइक मोबाइलला लावला तर बरेचदा फोन त्याला हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकवर रेकॉर्डिंग करत राहतो. ऐकेपर्यंत कळत नाही.

## स्पीकरची वायर: इथे जाडीचा हिशेब मांडा

तारेला स्वतःचा रोध असतो. बारीक तारेला जास्त, लांब तारेला आणखी जास्त. स्पीकर स्वतःच जेमतेम आठ किंवा चार ओहमचा असल्यामुळे तारेतला एक-एक ओहम इथे महाग पडतो.

अँप्लिफायरपासून स्पीकर २० मीटरवर आहे असं धरू. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार ४० मीटर. पाऊण चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीचा रोध इथे साधारण एक ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॉटपैकी ७८ पोचतात. त्याच वायरीवर दुसरा तसाच स्पीकर जोडला की भार चार ओहमचा होतो आणि पोचतात ६३ टक्के. काही वीज वायर तापवण्यात जाते आणि वाढलेल्या रोधामुळे अँप्लिफायरमधून निघतेही कमी. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हेच आकडे ९२ आणि ८६च्या घरात येतात. स्पीकर तोच, अँप्लिफायर तोच, फरक फक्त वायरीचा.

दिलासा एवढाच की यासाठी खास साउंडची वायर लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली आयएसआय शिक्क्याची, बऱ्याच बारीक तारांची लवचीक दोन कोअर केबल उत्तम चालते. मात्र ती खरोखर तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर चढवलेली तार, जिला सीसीए म्हणतात, ती आज सर्रास विकली जाते. ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीजवाहक आहे, म्हणजे अडीचची सीसीए घेतली तर पदरात पडते दीडची. ओळखायला सोपी आहे: एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती सीसीए. वजनातही फरक कळतो, कारण ॲल्युमिनियम तांब्याच्या एक-तृतीयांशापेक्षाही हलकं असतं. गुंडाळी हातात घेऊन ‘अरे, एवढी हलकी?’ असं वाटलं तर खुशाल ब्लेड मागा.

दोन अदलाबदली कटाक्षाने टाळायच्या. गिटारची शिल्ड केबल स्पीकरला लावू नका. पिन दोघांची सारखी असते, पण आतली तार केसासारखी. ती तापते आणि काही अँप्लिफायर अशा केबलवर बिथरतातही. उलट, स्पीकरची वायर माइकला लावली तर शिल्डच नसल्यामुळे आख्ख्या मंडपाची घुं तुमच्या चॅनलवर येईल. शक्य असेल तिथे स्पीकरला स्पीकॉन कनेक्टर वापरा. ते फिरवून लॉक होतं, दुसऱ्या कशात चुकूनही बसत नाही आणि लावता-काढताना शॉर्ट होत नाही. पी-३८ची पिन चालू अँप्लिफायरमध्ये घालताना क्षणभर शॉर्ट होऊ शकते. तेवढ्यात आउटपुट गेला तर दुरुस्तीच्या बिलात कितीतरी स्पीकॉन आले असते.

## मग सारंगखेड्याच्या यात्रेत भोंगे इतके लांब कसे वाजतात?

रास्त शंका. सारंगखेडा किंवा मुक्ताईनगरच्या यात्रेत सूचना देणारे भोंगे दूरदूरच्या खांबांवर असतात आणि त्यांना जाणारी वायर काही मनगटाएवढी नसते.

तिथे वेगळी युक्ती असते, १०० व्होल्टची लाइन. अँप्लिफायर व्होल्टेज चढवून १०० व्होल्टपर्यंत नेतो आणि प्रत्येक भोंग्यात बसवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर ते उतरवून घेतो. महावितरण लांबच्या गावाला वीज उच्च दाबाने का नेतं, त्याचंच हे धाकटं रूप. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच वॉटसाठी करंट कमी लागतो आणि करंट कमी म्हणजे तारेतला तोटा कमी. आकडेच बघा. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३०० मीटरवर १०० वॉट पाठवायचे आहेत. थेट आठ ओहमच्या स्पीकरला पाठवले तर जेमतेम २५ वॉट पोचतात, १०० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ८५.

मात्र हे १०० व्होल्ट झटका देतात. खांबावरचे जोड उघडे सोडू नयेत. आणि साधा आठ ओहमचा स्पीकर चुकूनही या लाइनवर लावू नये, तो जळतो.

## ‘अर्थची पिन काढली की घुं थांबते, मग काढायला काय हरकत आहे?’

हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. आणि हे वाक्य जीव घेऊ शकतं.

आधी घुं कुठून येते ते पाहू. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, ती ५० किंवा तिच्या पटीतली १०० हर्ट्झची घरघर म्हणजे ही घुं. ती शिरायची मुख्य वाट म्हणजे ग्राउंड लूप. समजा मिक्सर मंडपातल्या बोर्डावर आहे आणि लाइव्हचा लॅपटॉप देवळाच्या बोर्डावर. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो. दोघांना ऑडिओ केबलने जोडलं की त्या फरकामुळे केबलच्या शिल्डमधून करंट वाहायला लागतो आणि तो आवाज बनून ऐकू येतो.

खान्देशात याला उन्हाची जोड आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जमीन खोलवर सुकते आणि सुकलेल्या मातीत अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात शांत असलेली तीच जोडणी उन्हाळ्यात घुं करायला लागते. पंचायतीच्या किंवा मंदिराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात नियमित पाणी घालणं हे साउंडच्याही फायद्याचं काम आहे.

आता अर्थची पिन काढण्याबद्दल. लूप तुटतो, घुं थांबते, हे खरं. पण उपकरणात बिघाड होऊन फेज त्याच्या पत्र्याला लागला, तर तो जमिनीत न्यायची वाटही तुटलेली असते. मग फेज केबलच्या शिल्डवरून माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत येऊन थांबतो. गायक ओठ लावतो ती जाळी. दुसऱ्या हातात गिटार असेल किंवा पाय ओल्या जमिनीवर असतील तर सर्किट पूर्ण. एवढ्या किमतीत घुं बंद करायची नाही.

त्याऐवजी हे करून पाहा. आवाजाची आणि लाइव्हची सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यानेच भागतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुं थांबली तर चोर सापडला. मग लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर घाला, तो आवाज पुढे जाऊ देतो आणि दोन जमिनी वेगळ्या ठेवतो. बहुतेक डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त ऑडिओच्या शिल्डचा जोड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. म्हणून ते सुरक्षित.

आणि लाइटच्या वायरी. डिमर, एलईडी वॉल, एक्स्टेंशन बोर्ड यांच्या वायरींसोबत माइकच्या केबल एकाच जुडग्यात बांधायची आपल्याकडे हौस असते, कारण दिसायला नीट दिसतं. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा. ओलांडावं लागलंच तर अधिक चिन्हासारखं काटकोनात ओलांडा.

## चित्राची केबल: एक तर चालते, नाही तर नाही

आवाजाची केबल कमअस्सल असली तर आवाज थोडा खराब होतो. चित्राची डिजिटल केबल तशी हळूहळू बिघडत नाही. माहिती शून्य आणि एकच्या रूपात जाते. ती वाचता येईल इतकी शाबूत असेल तोवर चित्र अगदी निर्दोष असतं. मर्यादा ओलांडली की आधी पांढरे ठिपके चमकतात, मग चित्र अधूनमधून जातं, मग काळा पडदा. घरी दोन मीटरवर चाललेली जोडणी मंडपात पंधरा मीटरवर मान का टाकते, त्याचं हे कारण.

एचडीएमआयमध्ये कळीची गोष्ट सेकंदाला किती माहिती जाते ही. ती गिगाबिटमध्ये मोजतात. फुल एचडी, ६० फ्रेमसाठी सुमारे साडेचार गिगाबिट लागतात, फोरके ३० फ्रेमसाठी नऊच्या आसपास, फोरके ६० फ्रेमसाठी १८. खोक्यावर छापलेल्या २.० किंवा २.१ या आकड्यांवर विसंबू नका, ते उपकरणांच्या मानकाचे आहेत. केबलच्या दर्जाची अधिकृत नावं वेगळी आहेत: १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड, ४८साठी अल्ट्रा हाय स्पीड. या दोन्हींच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं.

साधी तांब्याची एचडीएमआय फोरके ६० फ्रेमला पाच मीटरपुढे भरवशाची राहत नाही. लांब न्यायची तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय मिळते. ती एकाच दिशेने चालते, टोकांवर स्रोत आणि डिस्प्ले असं लिहिलेलं असतं. उलटी टाकून सगळा मंडप पालथा घातल्यावर हे वाचण्यापेक्षा आधी वाचावं. आणि छोट्या कॅमेऱ्याचं मायक्रो एचडीएमआयचं भोक फार नाजूक असतं. कुणाचा पाय वायरीत अडकला तर बोर्डच उखडतो. केबल आधी कॅमेऱ्याच्या केजला (भोवतीच्या धातूच्या चौकटीला) किंवा ट्रायपॉडला बांधावी, मग पिन लावावी.

## एसडीआय आणि डिशची वायर

लग्नात तीन कॅमेरे आणि ५० मीटरवर व्हिडिओ मिक्सर असेल तर एचडीएमआयचा हट्ट सोडून एसडीआयकडे वळावं. यात एकच जाड गोल केबल असते आणि तिला फिरवून लॉक होणारी बीएनसी पिन. फुल एचडीचा दीड गिगाबिटचा सिग्नल चांगल्या आरजी-६ केबलवर १०० मीटरच्या आसपास जातो, ६० फ्रेमचा तीन गिगाबिटचा ७०-८० मीटर. फोरकेच्या १२ गिगाबिटला अंतर आणखी कमी होतं. कॅमेऱ्याला एसडीआय नसेल तर कन्व्हर्टर लावता येतो, मात्र त्यालाही वीज लागते हे विसरून पॉवर बँक घरी राहते.

इथे ‘७५ ओहम’ हा शब्द भेटेल. स्पीकरच्या ओहमशी त्याचा संबंध नाही आणि मीटर लावून तो मोजताही येत नाही. इतक्या वेगवान सिग्नलला केबलची घडण सगळीकडे एकसारखी लागते. ती बदलली की सिग्नलचा काही भाग आदळून मागे फिरतो. केबल आणि पिन दोन्ही ७५ ओहमच्या घ्यायच्या. वॉकीटॉकीवाल्यांकडची ५० ओहमची बीएनसी दिसायला जवळजवळ सारखीच असते.

लगेच प्रश्न येतो: डिश टीव्हीची वायरही आरजी-६, ७५ ओहमच आहे, ती का नको? छोट्या अंतरावर चालते, कायमच्या जोडणीत कधीकधी बऱ्यापैकी चालते. पण स्वस्त डिश वायरीत मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि बाहेरची जाळी विरळ ॲल्युमिनियमची. रोज गुंडाळा-उलगडायच्या कामात ती आतून मोडते. देवळात एकदाच भिंतीला ठोकायची असेल तर तपासून वापरा. लग्नाच्या गाडीत ठेवू नका. आणखी एक सवय लावून घ्या: कॅमेऱ्याला आधी पॉवर जोडायची, मग एसडीआय, काढताना आधी एसडीआय. उलट क्रमाने काही वेळा पॉवरचा परतीचा करंट एसडीआयच्या शिल्डमधून जातो आणि बोर्ड निकामी होतं.

## यूएसबी-सीचा चकवा

जळगावच्या गोलाणी मार्केटात दोन यूएसबी-सी केबल शेजारी लटकलेल्या असतात, दिसायला जुळ्या बहिणी. एक सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, दुसरी १० गिगाबिट. पहिली मुळात चार्जिंगची. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या कॅप्चर कार्डातून येणारं कच्चं फुल एचडी चित्र ६० फ्रेमला सुमारे दोन गिगाबिट मागतं. चार्जिंगच्या केबलवर ते मावत नाही, मग सॉफ्टवेअर चित्राचा दर्जा उतरवतं किंवा फ्रेम गाळतं आणि आपण लॅपटॉपला शिव्या घालतो. कार्डाबरोबर आलेली केबल जपून ठेवावी. नवीन घेताना वेग स्पष्ट छापलेलीच घ्यावी. लांबी जेवढी कमी तेवढी बरी.

नेटवर्कची केबल हल्ली डिजिटल मिक्सरच्या स्टेज बॉक्सलाही (स्टेजवरचे माइक जोडायच्या पेटीलाही) लागते. कॅट-६, शुद्ध तांब्याची, एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत. सीसीए इथेही घुसलेली आहे, ब्लेडची परीक्षा इथेही लागू.

## सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल?

जळगावकरांना सोन्याचं सांगायला नको, तरी सांगतो. वीज वाहण्यात चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं त्यानंतर. पिनेवर सोनं लावतात ते त्याला गंज चढत नाही म्हणून. वर्षानुवर्षं न हलवता ठेवलेल्या जोडणीत त्याचा उपयोग आहे. रोज पन्नासदा घातल्या-काढल्या जाणाऱ्या पिनेवरचा पातळ थर झिजून जातो. आवाज ‘खुलतो’ वगैरे जाहिरातीत.

ठरावीक दर्जाच्या वर दिलेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो. त्यापेक्षा चांगली पिन, नीट सोल्डर आणि वायर ओढली तरी जोडावर ताण येऊ न देणारी पकड यांवर खर्च करावा. केबल मधोमध क्वचितच जाते. जाते ती टोकाला, पिनेच्या तोंडाशी. म्हणून पिना स्क्रूच्या, उघडून दुरुस्त करता येणाऱ्या असाव्यात. वितळवून बंद केलेल्या पिनेची केबल बिघडली की कापूनच टाकावी लागते.

‘मग वायरलेसच घेऊ, कटकट नको’ असं म्हणणाऱ्यांचंही खरं आहे, अर्धं. कॉलर माइक वायरलेस असणं सोयीचं असतं. पण रिसिव्हरपासून मिक्सरपर्यंत केबल लागतेच आणि मोबाइलने भरलेल्या मंडपात चित्राचं वायरलेस दगा देऊ शकतं. शिवाय बॅटरी अंतरपाट धरल्यावरच संपते, असा अनुभव आहे.

## घेतल्यानंतर

तपासणी आणि सांभाळ यात फार शास्त्र नाही. साधा केबल टेस्टर, निदान मल्टिमीटर गाडीत असावा. तपासताना केबल पिनेजवळ हलवून पाहायची, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना पास होते. कोपरावर दोरीसारखी गुंडाळायची नाही. एक वेटोळं सरळ आणि पुढचं उलटं असं घेतलं की पीळ बसत नाही आणि फेकल्यावर केबल सरळ उलगडते. मे महिन्यात बंद गाडीत केबल ठेवल्या की वरचं प्लास्टिक मऊ पडतं आणि काही वर्षांत कडक होऊन तडकतं. गोदामात उंदरांचा बंदोबस्त हवा. विजेचा एक्स्टेंशन ड्रम गुंडाळलेल्या स्थितीत मोठ्या भारावर वापरायचा नाही, आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं. हॅलोजनवर चालवायचा तर पूर्ण उलगडावा.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लांबीनुसार रंगीत टेप लावा. प्रत्येक जातीची एक जास्तीची बरोबर ठेवा, स्पीकरच्या दोन. आणि कार्यक्रमात एखादी केबल रुसली तर तिला तिथल्या तिथे मधोमध गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या लग्नात कुणीतरी तीच केबल उचलून महाराजांच्या माइकला लावतो.